हिंग खाल्लेला बाप

खोटं तुम्ही लिहिलंत, आणि पाठ करायला लावलंत ते आम्हाला. पाठ्यपुस्तकाच्या त्या पानावर तुमचं नाव नव्हतं, म्हणून तुम्हाला नावानं शिव्या घालायचीही सोय नाही. मंडळ होतात, समिती होतात, की पंख्याखाली बसून जुन्या गोऱ्या साहेबाच्या अहवालातून ओळी उचलणारे कुणी एकटेच होतात, देव जाणे. प्रकरणाला नाव मात्र भारदस्त दिलंत : ‘मानवी विकास आणि आनुवंशिकतेचा वाटा’. आधी बीजपेशी, मग गुणसूत्रं, मग आईकडून किती आणि बापाकडून किती. इथवर तुमच्याशी भांडण नाही. पुढं परदेशातल्या कुठल्याशा कुळाची वंशावळ काढलीत, त्यातल्या चोरांना आणि दारुड्यांना काळी टिकली लावलीत, आणि सांगितलंत की बघा, हे सगळं जन्माआधीच ठरलेलं असतं. तेवढ्यावरही थांबला नाहीत. त्या परदेशी झाडाच्या बुडाशी आम्हाला आणून बांधलंत. ‘आपल्याकडील उदाहरण’ म्हणून.

हुलगप्पा भजंत्रीला ते उदाहरण तोंडपाठ होतं. ‘कोरवी जमातीतील पुरुष गुन्हा केल्यावर स्त्रीवेष धारण करून अंधाऱ्या खोलीत लपतात. ही लबाडी त्यांना शिकवावी लागत नाही. ती पित्याकडून पुत्राकडे रक्तातून येते.’

हुलगप्पा स्वतः कोरवी. हुबळीच्या सेटलमेंटातला. इंग्रजांनी चोर म्हणून शिक्का मारलेल्या जमाती तारेचं कुंपण घालून तिथं कोंडल्या होत्या. तार निघाल्याला तीसेक वर्षं होऊन गेली, पण सेटलमेंटात राहतो म्हटलं की समोरचा माणूस अजून खिसा चाचपतो. असल्या ठिकाणाहून हुलगप्पा धारवाडला जाऊन बी.एड. करत होता. लेखी पेपर झाले होते. मानसशास्त्राची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. त्यात पास झाला की मास्तरकी पक्की. सेटलमेंटात आजवर मास्तर बाहेरून आला होता, आतून एकही निघाला नव्हता.

आणि तोंडी परीक्षेला हेच प्रकरण त्याच्या वाट्याला आलं होतं. त्याचे कडपट्टी सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “भजंत्री, बाहेरचे परीक्षक येतायत. त्यांना छापील आवडतं. जसं छापलंय तसं म्हण, उदाहरणासकट. शहाणपणा करू नको.”

“सर, ते उदाहरण म्हणजे आम्ही.”

“अरे, ते तुझ्याबद्दल नाही. ते उदाहरण आहे.”

हुलगप्पानं मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं.

परीक्षा दुपारची. सकाळी तोंड धुवायला तो बाहेर आला तोच आतून रेणव्वाचं कण्हणं ऐकू आलं. त्याची बायको. पहिलटकरीण. दिवस भरत आले होते, पण आजच, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याची आत्या दुरगव्वा, वस्तीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली, ती पदर खोचत आली आणि त्याला दारातून ढकलून आत गेली. “बाजूला हो की रे मास्तर! इथं काय परीक्षा आहे काय बघायला?”

घर ते केवढं. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्यापलीकडं रेणव्वा, अलीकडं चूल, सनई टांगलेला खुंटा आणि शिंदीच्या पात्यांची एक चटई. ती चटई मारेप्पानं कोपऱ्यात ओढली. मारेप्पा म्हणजे हुलगप्पाचा बाप. त्यानं वर कांबळं अंथरलं, दोरीवरचं रेणव्वाचं हिरवं इलकल लुगडं काढलं आणि पोरापुढं धरलं.

“झोप,” म्हणाला.

“अप्पा, आज नाही. माझी परीक्षा आहे.”

“परीक्षा दुपारी. कळा आत्ता. झोप.”

कोरव्यांत बाई बाळंत व्हायला लागली की नवऱ्यानं निजायचं. तिचं लुगडं डोक्यावरून घ्यायचं, अंधाऱ्या कोपऱ्यात पडायचं आणि गुळात मळलेला हिंग खायचा, बाळंतिणीला देतात तोच. मूल नुसतं आईच्या पोटात नसतं, त्याचा थोडा जीव बापाच्याही अंगात अडकलेला असतो. बाप उन्हात फिरला तर मूल तापतं, बाप वाऱ्यात बसला तर मूल खोकतं, अशी जुन्यांची समजूत. कुणाला मूल झालं की वस्तीत विचारायचे, “हिंग खाल्ला काय रे?” आताशा हे कुणी करत नसे. जिभेला हिंग लावायचा, हसायचं आणि कामावर जायचं. मारेप्पा मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता.

“लोक हसतील अप्पा.”

“हसू देत. दात आहेत त्यांना.”

“मी शिकलेला माणूस...”

“शिकलेल्याला पोर बायकोशिवाय होतं काय? झोप म्हणतो ना!”

पडद्यापलीकडून रेणव्वा ओरडली. हुलगप्पा मुकाट्यानं चटईवर पडला. बापानं त्याच्या डोक्यावर लुगडं घातलं, त्यावर कांबळं घातलं आणि लाडवाएवढा हिंगगूळ त्याच्या तोंडात कोंबला. बोंब मारावी असा तिखट कडू दर्प टाळूतून डोळ्यांत चढला.

अंगाखाली शिंदीची पाती टोचत होती. कांबळ्यात घाम फुटला होता. या कुशीवरून त्या कुशीवर होताना लुगड्याचा पदर गळ्याभोवती आवळत होता. बायको कळा देतेय आणि आपण तिच्याच कपड्यांत गुंडाळून पडलोय, दुपारी धारवाडची बस आहे, आणि पोटात हिंग जळतोय. पाय आपोआप हलायला लागला. थांबवला तर दुसरा हलायला लागला. डोकं कशात तरी गुंतवावं म्हणून त्यानं प्रकरण म्हणायला सुरुवात केली. शैशवावस्था. बाल्यावस्था. किशोरावस्था. वाढ मोजता येते, विकास मोजता येत नाही. रेणव्वा कण्हली की हा जोरात म्हणायचा, जोरात म्हटलं की तिचं कण्हणं कमी ऐकू यायचं. असं करत करत तो उदाहरणापाशी आला.

“कोरवी जमातीतील पुरुष गुन्हा केल्यावर स्त्रीवेष धारण करून अंधाऱ्या खोलीत...”

“काय म्हणालास?” मारेप्पा उंबऱ्यात बसून बिडी ओढत होता. “परत म्हण. साध्या भाषेत म्हण.”

“काही नाही अप्पा. पुस्तकातलं आहे. कोरवी बाप्ये चोरी करून बायकांच्या कपड्यात लपतात, असं.”

मारेप्पानं बिडी बाजूला धरली. आणि तो खो खो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता मांडी बडवायला लागला. “अरे, तो मी! मीच की रे तो! पुस्तकात आलो काय मी? अगं दुरगव्वा, ऐकलंस? मला पुस्तकात छापलाय!”

“मर तिकडं!” आतून आत्या ओरडली. “इथं पोरीचा जीव चाललाय आणि हे म्हातारं दात काढतंय!”

“अप्पा, तू म्हणजे?” हुलगप्पानं लुगड्यातून तोंड बाहेर काढलं.

“तोंड आत घे. सांगतो.” मारेप्पानं बिडी विझवली. “तारेच्या आतली गोष्ट. हुलग्या, तुझा थोरला भाऊ जन्मला तेव्हाची. सकाळ-संध्याकाळ घंटा व्हायची, हजेरीला उभं राहायचं. तुझ्या अव्वाच्या पोटात दुखायला लागलं आणि मी पडलो. असाच, लुगडं घेऊन. घंटा झाली, उठलो नाही. आता पोराचा जीव अंगात अडकलाय, उन्हात कसा उभा राहू? त्याच दिवशी बाजारात कुणाचं तरी दुकान फुटलेलं. हजेरीत मारेप्पा नाही. मग काय, मॅनेजर साहेब आला, जमादार आला, दार लाथेनं उघडलं. बघतो तर लुगड्यातून मिशा बाहेर.” मारेप्पाला परत हसू आलं. “साहेब म्हणाला, हे काय सोंग? म्हटलं, साहेब, बाळंतपण आहे. म्हणाला, कुणाचं? म्हटलं, माझं.”

हुलगप्पालाही हसू फुटलं. पडद्यापलीकडं, कळांच्या मधल्या उसंतीत, रेणव्वासुद्धा हसल्यासारखी वाटली.

“सगळे हसले. जमादार तर खाली बसला हसून. आणि मग बेड्या घातल्या.”

“आणि थोरला?”

मारेप्पा उंबऱ्यावर नखानं ओरखडे काढत बसला. “मला चौकीपुढं उन्हात उभा केला. दिवसभर. दुसऱ्या दिवशी परत. मी ओरडत होतो, मला सावलीत घ्या, पोर तापेल, माझं पोर तापेल. त्यांना वाटलं मला ऊन सोसवेना.” त्यानं विझलेली बिडी कानामागं खोचली. “तापच आला पोराला. मी सुटून येईपर्यंत पुरलं होतं.”

हुलगप्पा कांबळ्याखाली पडून राहिला, पण आता त्याला पडवेना. थोरला भाऊ होता आणि गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं. पोर बापाच्या उन्हानं गेलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. तारेच्या आत औषध नव्हतं आणि बाळंतिणीला अन्न नव्हतं, म्हणून गेलं होतं. अप्पाचं शास्त्र खुळं होतं. पण त्या खुळ्या शास्त्रात बाप पोराचं दुखणं स्वतःच्या अंगावर घ्यायला बघत होता. तुमच्या शहाण्या शास्त्रात पोर बापाचा गुन्हा अंगावर घेऊन जन्माला येत होतं, आणि तो गुन्हा काय, तर बापानं झोपल्याचा! एक माणूस बायकोच्या कळा वाटून घ्यायला लुगडं घेऊन निजला, आणि तुम्ही लिहिलंत लबाडी. एका माणसाचं लिहिलंत आणि अख्ख्या जमातीच्या रक्तात ओतलंत. आणि आज त्याच माणसाचा पोरगा तसंच लुगडं घेऊन निजला होता, आणि निजल्या निजल्या बापावरचा तुमचा आरोप घोकत होता. मार्कांसाठी.

हुलगप्पानं कांबळं भिरकावलं. तो उठून बसला.

“झोप रे!”

“अप्पा, मला जमत नाही.”

“जमत नाही म्हणजे? नाळ पडेपर्यंत...”

तेवढ्यात आतून आरोळी आली, मग दुरगव्वाचं “हां, हां, आणखी एकदा, माझी वाघीण” आणि मग ते रडणं. बारीक, चिरका, रागावलेला आवाज. मारेप्पा उंबऱ्यावर उभा राहिला आणि त्याची टोपी खाली पडली, ती त्याला उचलायचं सुचलं नाही.

“पोरगी!” दुरगव्वानं पडद्याबाहेर तोंड काढलं. “आणि बापावर गेलीय. आल्या आल्या तंगड्या झाडतेय, गप्प पडायचं नाव नाही.”

“रेणव्वा?”

“रेणव्वा बरी आहे. तूच मेल्यासारखा दिसतोयस. लुगडं काढ डोक्यावरचं, पोर घाबरेल.”

“काढायचं नाही!” मारेप्पा ओरडला. “नाळ सुकून पडेपर्यंत चार दिवस उठायचं नाही त्यानं!”

“अप्पा, बस जाईल. मी आज गेलो नाही तर वर्ष गेलं.”

“वर्ष जाऊ दे!”

“आणि पुढच्या वर्षी? तेव्हा तरी परीक्षकाच्या खुर्चीत बसणारा वेगळा असेल काय?”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू, राग, सगळं पुसून गेलं होतं. उरली होती नुसती भीती. इतक्या वर्षांपूर्वीचं ऊन त्याच्या डोळ्यांत अजून तसंच होतं. हुलगप्पाला त्याला ओलांडून जाववेना आणि बसवेनाही. तो घडी घालावी की नेसावं हे न कळल्यासारखा लुगडं हातात घेऊन खोलीतल्या खोलीत फिरायला लागला. चुलीपाशी, पडद्यापाशी, परत चुलीपाशी.

पडद्यामागून रेणव्वाचा थकलेला आवाज आला. “अहो.”

“काय गं?”

“तुम्ही मघा ते म्हणत होतात. तेच म्हणायला चाललाय?”

हुलगप्पा लुगड्याची घडी घालायला लागला.

“मला सगळं ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “एवढा जीव काढून मी चोर नाही जन्माला घातली. तेच म्हणून यायचं असेल तर इथंच झोपा.”

हे बोलून तिनं पोरीला छातीशी घेतलं असावं, कारण रडणं थांबलं. मारेप्पा हळूच म्हणाला, “हुलग्या, पुस्तकात काय म्हणतेत? बापाचं पोरात उतरतं. रक्तातून.”

“हो अप्पा.”

“म्हणजे माझं तुझ्यात, तुझं तिच्यात.”

“हो.”

“मग ती माझ्या अंगात पण आहे की! थोडी तरी आहे. आण ते लुगडं इकडं.” आणि मारेप्पानं पोराच्या हातातलं हिरवं इलकल ओढून घेतलं, डोक्यावरून घेतलं आणि पांढऱ्या मिशांसकट कांबळ्याखाली शिरला. “मी झोपतो. तू जा. उन्हात जा, कुठंही जा. दुरगव्वा, हिंग दे.”

“आज्यानं निजलेलं चालतं काय?” हुलगप्पानं आत्याला विचारलं.

“कुणी निजा, पण आवाज करू नका,” दुरगव्वा म्हणाली, आणि तिनं भावाच्या तोंडात हिंग घातला.

बस खचाखच भरली होती. हुलगप्पा दांड्याला लोंबकळत उभा होता आणि त्याच्या श्वासाच्या वासानं शेजारची बाई तोंडाला पदर लावून उभी होती. त्यानं दोनदा ठरवलं की छापील म्हणायचं, पास व्हायचं, आणि मास्तर झाल्यावर पोरांना खरं शिकवायचं. दोन्ही वेळा त्याला आपल्यासारखेच मास्तर दिसले, खरं नंतर सांगू म्हणून छापील सांगत म्हातारे झालेले.

परीक्षेच्या खोलीत बाहेरचे परीक्षक मध्ये बसले होते, गोरेपान, हसतमुख, कपाळाला गंध. बाजूला कडपट्टी सर. परीक्षकांनी नाक आक्रसलं.

“काय हो, हिंगाच्या दुकानातून आलात काय?”

“घरून आलो सर.”

“भजंत्री.” त्यांनी नाव वाचलं. “म्हणजे वाजवणारे. वा! मग आनुवंशिकता तुम्हाला शिकवायला नको. सूर तुमच्या रक्तातच.”

“मला वाजवता येत नाही सर. अप्पानं लहानपणी फार मारलं, तरी नाही आलं. फुंकलं की म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो.”

परीक्षक मनापासून हसले. कडपट्टी सरही हसले, सुटका झाल्यासारखे. पुढचं चांगलं चाललं. वाढ आणि विकास यातला फरक, आईबापाकडून येणारी गुणसूत्रं, परिस्थितीचा वाटा, हुलगप्पानं सगळं सांगितलं. फक्त त्याचा पाय टेबलाखाली हलत होता आणि कडपट्टी सर त्या पायाकडं बघत होते.

“छान,” परीक्षक म्हणाले. “आता आपल्याकडचं उदाहरण सांगा, म्हणजे झालं.”

“कोरवी जमातीतील पुरुष,” हुलगप्पानं सुरुवात केली. कडपट्टी सरांनी डोळे मिटले. “कोरवी जमातीतील पुरुष बायको बाळंत होताना तिचं लुगडं डोक्यावर घेऊन अंधाऱ्या खोलीत निजतात.”

“गुन्हा केल्यावर,” परीक्षकांनी दुरुस्त केलं.

“नाही सर. मूल होताना. मी आज सकाळी निजलो होतो. हा त्याचाच वास.”

“भजंत्री!” कडपट्टी सर म्हणाले.

“ज्या माणसावरून ते वाक्य लिहिलंय तो माझा बाप आहे सर. आत्ता सेटलमेंटात झोपलाय, नातीसाठी. त्यानं दुकान फोडलं नव्हतं.”

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही, माणूस सभ्य होता. “हे बघा, तुमच्या भावना समजतात. पण ते सरकारी अहवालातून आलंय. कुणीतरी प्रत्यक्ष पाहून लिहिलंय.”

“पाहिलं खरं सर. विचारलंही होतं. साहेबानं विचारलं, बाळंतपण कुणाचं? अप्पानं सांगितलं, माझं. प्रश्न झाला, उत्तर झालं. मग पुस्तकात उत्तर का नाही? लुगडं छापलंत, अंधारी खोली छापलीत, बाळंतपण कुठं गेलं?”

“मी नाही लिहिलं ते.”

“तुम्ही विचारताय सर. कडपट्टी सर शिकवतात. आम्ही म्हणतो. लिहिलं कुणीच नाही, आणि मार्क मात्र त्यालाच आहेत.”

बाहेर शिपायानं पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, कागदावर धरलं आणि काही न लिहिता हुलगप्पाकडं बघितलं. “परीक्षेत प्रश्न आम्ही विचारतो, भजंत्री. तुमची वेळ झाली. उठा.”

हुलगप्पा उठला नाही.

“माझी मुलगी आज सकाळी जन्मली सर. अजून तिनं नीट डोळेही उघडले नाहीत. तुमच्या पानाप्रमाणं तिच्यात काय उतरलंय? बापाचं काय, आजाचं काय? चोरी उतरलीय की नाही?” तो टेबलावर दोन्ही हात टेकून पुढं झाला, आणि हिंगाचा वास त्या दोघांच्या तोंडावर गेला. “ही तोंडी परीक्षा आहे ना सर? मग मान हलवू नका. तोंडानं सांगा.”